फडकं हलवणारा म्हातारा

भूत-पिशाच्च म्हटलं की मी आयुष्यभर हसत आलो. इथं लोक लिहितात ते भुताचे अनुभवही करमणूक म्हणूनच वाचतो. तरी हे लिहितोय... कारण आमच्या गल्लीत एका माणसाला अजूनही हेर म्हणतात.

एकाहत्तरची लढाई चालू होती. औरंगाबादेत गुलमंडीच्या मागं आमचं घर. शेजारच्या छतावर रशीदचाचांची कबुतरं. दिवस कलला की चाचा बांबूला बांधलेलं पांढरं फडकं हलवून शीळ घालायचे, थवा खाली उतरायचा. कबुतरं आमचं वाळवण घाण करायची. त्यावरून रोज भांडण.

तेव्हाच हेरगिरीचा एक सिनेमा लागला. त्यातला देशद्रोही छतावरून फडकं हलवून शत्रूच्या विमानांना खुणा करतो, शेवटी लोक त्याला धरतात. काय टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या. दुपारचा खेळ सुटला, त्याच तोऱ्यात आम्ही गल्लीत शिरलो — आणि वर चाचांचं फडकं हलत होतं.

"हेर! हेर!" पहिला मी ओरडलो.

लोक वर चढले. कबुतरांच्या माना मुरगळल्या. चाचा माझ्याकडं वळले. "अरे बेटा, बोल ना इनकू... कबुतरां बुलारा था मैं. तेरेकू मालूम है ना?"

मालूम होतं. लहानपणापासून. मी गप्प राहिलो. पोलीस चाचांना घेऊन गेले. देशसेवा केली म्हणून गल्लीनं मला पेढे भरवले.

लढाई संपल्यावर पोलिसांनी त्यांना सोडलं. काहीच सापडलं नव्हतं. चाचा पुन्हा छतावर गेले नाहीत. उन्हाळ्यात वारले.

पुढं माझं लग्न झालं. बायको देवगाव रंगारीची. तिनं चाचांना कधी पाहिलं नव्हतं, मीही कधी त्यांचं नाव काढलं नाही. तोच सिनेमा परत लागला, तिनं हट्टानं नेलं. छताचा प्रसंग आला. फडकं हलवणारा माणूस वळला...

रशीदचाचा. तीच दाढी, तीच विरलेली बंडी.

भास म्हणून सोडून दिलं असतं. पण बायको कुजबुजली, "अव्वो, हेर तर तरणा होता ना? ह्यो म्हातारा कोण? आन तुमच्याकडंच का बघायलाय?"

"नट असंल. गप पिच्चर बघ."

"'मालूम है ना' म्हणला की तुम्हाला!"

आजूबाजूला लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना काहीच वेगळं दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एकटा जाऊन पाहिलं — तोच तरणा नट, तोंडातून शब्द नाही.

दोघांना एकच भास कसा झाला, मला आजही सांगता येत नाही. टीव्हीवर जुना सिनेमा लागला की ती अजून म्हणते, "तो म्हातारा पुन्हा कुठल्याच पिच्चरमधी दिसला नाय हो."

हे आज तिला वाचून दाखवणार आहे. तो नट नव्हता. हेर तर नव्हताच.