बाळंतिणीचा लाडू

लातुरात आमच्या शेजारी डाळमिलमधले एक कारकून राहायचे. तुम्ही काहीही म्हणा, त्यांचं बोलणं ‘तसं न्हाई’पासूनच सुरू व्हायचं. घरात काचेची पेटी, आणि तिच्यात आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्यातले बोटाएवढे निळे-पिवळे मासे.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात टँकर दहा दिवसांनी यायचा, आणि हे गृहस्थ पहिली घागर पेटीत ओतायचे. एकदा समोरच्या मावशी भांडायलाच आल्या.

“माणसाला प्यायला न्हाई, अन् तुमचं मासळ्यांचं कौतिक चालू हाय.”

“तसं न्हाई, मावशी. ही पिवळी बघा. पिल्लं तोंडात धरून बसली हाय. पंधरा दिवस झाले, अन्नाला शिवली न्हाई.”

मावशींनी काचेला नाक लावून पाहिलं. तशाच घरी गेल्या आणि आपल्या वाट्याची कळशी घेऊन परत आल्या. सोबत वाटीत डिंकाचा लाडू.

“बाळंतीण हाय बिचारी,” म्हणाल्या.

संध्याकाळी मी गेलो, तर वाटी रिकामी.

“लाडू तुम्हीच खाल्ला ना?”

“तसं न्हाई, सर,” मिशीतलं खोबरं झटकत ते म्हणाले, “तिच्या तोंडात जागा कुठं हाय?”