कच्च्या आहाराचा अकरावा दिवस

आयुष्यात एकूण अकरा दिवस मी चुलीवरचं अन्न सोडलं होतं. दहा दिवस कसेबसे निभावले. अकरावा धाड गावच्या सासुरवाडीत उजाडला.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी मलकापुरात कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात कारकून होतो. पोट सदा बिघडलेलं. कुणीतरी एक पुस्तिका हातात दिली : विस्तवाने अन्नातला जीव जातो, कच्चं खा, शंभर वर्षं जगा! झालं, भिजवलेली मटकी आणि गाजरं सुरू. (मालकाचा घोडा आणि मी, दोघांचा एकच खुराक.) गालफडं बसली, स्वप्नात रोज पुरणपोळी यायला लागली! पण साऱ्या जिनात बढाया मारून बसलेलो, माघार कुठल्या तोंडाने घेणार?

म्हणून बेत केला. सासुरवाडीत आग्रह होतोच. तीनदा "नको" म्हणायचं आणि चौथ्यांदा "तुमचं मन कशाला मोडू" म्हणत पोळी ओढायची.

संध्याकाळी मी आणि सौ. बैलांच्या दमणीतून उतरलो. सासऱ्यांना माझा नेम सांगताच त्यांनी हातच जोडले!

"धन्य हाय, जवाईबापू!"

"तसं काही नाही, मामाजी. अगदीच आग्रह असेल तर..."

"आग्रह? नेम मोडाचं पाप आमी कायले घेऊ? अन् तुमी कच्चं खासान तं आमी शिजवून खाव काय? उद्या या घरात चूल पेटनार नाही!"

पुरणासाठी भिजत घातलेली डाळ सासूबाईंनी तशीच कच्ची माझ्यापुढे ठेवली.

सकाळी घरची नऊही माणसं कच्चं खायला बसली. मामाजींच्या तोंडात दात मोजकेच, पण ते कच्चं वांगं इतक्या शांतपणे चावत होते की मी थक्क झालो. माझ्यासाठी एवढं? माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. (थोडं हिरव्या मिरचीमुळेही.)

आता आमच्याकडे चूल पेटत नाही ती घरात माणूस गेलं की. मग शेजारीपाजारी बेसन, म्हणजे पिठलं, आणि भाकर आणून देतात. ऊन वर आलं तरी घरातून धूर दिसेना, तेव्हा गल्लीने ताडलं : काल जावई आला तो वाळून काटकी झालेला. गेला बिचारा!

पाहता पाहता ओसरी भरली. पुरुष माना खाली घालून बसले, बायांच्या डोक्यावर भाकरीच्या टोपल्या. कसली गडबड म्हणून मी गाजर चावत बाहेर आलो.

"वं माय वं! हा तं उठला!" शेजारच्या काशाबाई किंचाळल्या.

मामाजींनी हसत हसत सगळा उलगडा केला. "न्या आता भाकरी घरी," ते म्हणाले.

"मयताची भाकर वापस नेत नाहीत, दादा. ज्याच्या नावानं केली त्यानंच खाव!" काशाबाई म्हणाल्या.

"पन त्याईचा नेम हाय ना!"

"मेल्यावर कायचा नेम?"

मामाजींनी माझ्यापुढे ताट मांडलं. मीही हातातलं गाजर गुपचूप खाली ठेवलं! कुणी न सांगता अख्ख्या गल्लीने माझ्यासाठी भाकरी थापल्या होत्या. त्या माणसांपुढे मला फार लहान वाटलं. ज्वारीची गरम भाकर, वाफाळतं बेसन. मी मांडी ठोकून बसलो.

चौथ्या भाकरीला सौ. माझ्या कानाशी वाकली.

"मयताले आखीन बेसन वाढू काय?"

मी ताट पुढे केलं.