दोन बाटल्या लाल तेल

आमच्या सोसायटीच्या पिकअपला क्लच नव्हता. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तरी पुढं एकदा मी भर उन्हात तिच्या पोटाखाली झोपून तासभर क्लच शोधला. ते कसं, ते सांगतो.

दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. बोअर पाडायला आलेली कुठली तरी परदेशी मंडळी जाताना ही गाडी लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावच्या सोसायटीला देऊन गेली. स्टिअरिंग डावीकडं, पायाखाली दोनच पेडल, आणि गिअर गाडी स्वतःच बदलणार. आपण फक्त स्टिअरिंगखालची दांडी एकदा ओढायची. चेअरमननं मागं पाण्याची टाकी बसवली आणि मला ड्रायव्हर केलं. नळदुर्गच्या एका उस्तादांच्या गॅरेजमध्ये मी दोन वर्षं पाने उचलले होते आणि गावात लायसन माझ्या एकट्याकडं होतं. एवढ्यावर मी स्वतःला इंजिनिअर समजत होतो.

तलावाखालच्या विहिरीवरून दिवसाला दोन खेपा व्हायच्या. पहिली गावातल्या हौदाला, दुसरी आमच्या बौद्धवाड्याला. हा क्रम कुणी कागदावर लिहिला नव्हता, त्यामुळं तो खोडताही येत नव्हता. गावच्या आडात तळाला अजून थोडं पाणी होतं, पण तिथं आमचा दोर चालत नव्हता. वाड्यातल्या चाळीस घरांना प्यायला पाणी म्हणजे ती दुसरी खेप. आणि ती आणणारा मी, वाड्याचाच पोरगा. त्या दिवसांत मी जरा छाती काढूनच चालत होतो.

उस्तादांनी गॅरेजात शिकवलेला पहिला धडा असा, की तेल बघायचं ते इंजिन बंद करून, गाडी गार झाल्यावर. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, सगळ्यांना हाच कायदा. म्हणून एका सकाळी मी गार गाडीचं बॉनेट उघडलं. या गाडीला इंजिनच्या तेलाची एक पट्टी होती आणि गिअरच्या तेलाची दुसरी, लांबलचक. ती दुसरी ओढली, तर तेल खुणेच्या चार बोटं वर. मनात म्हटलं, या परदेशी लोकांना मापच नाही. जास्तीच्या तेलानं सील फुटतात हेही शिकलो होतो. पट्टीच्या भोकात रबरी नळी घातली आणि डिझेल ओढतात तसं तोंडानं ओढलं. एक घोट पोटात गेला. बाकी दोन बाटल्या भरल्या. पातळ, लालभडक, काचेत सरबतासारखं दिसणारं तेल.

असलं तेल टाकून देणार कोण? अर्धी बाटली शिंप्याला मशीनसाठी दिली. थोडं सायकलवाल्यांच्या चेनला गेलं. उरलेलं आत्याला दिलं, कारण बाटली बघून तिनंच विचारलं होतं.

"परदेशी हाय व्हय रं? गुडघ्याला चालंल का?"

"चालंल की," मी म्हणालो. "एवढी मोठी गाडी चालती त्याच्यावर."

दोन दिवसांत वाड्यातल्या चार म्हाताऱ्या त्या तेलानं गुडघे चोळायला लागल्या, आणि मला वैद्याचा मान मिळायला लागला.

तिसऱ्या दिवसापासून गाडी बदलली. दांडी ओढली की आधी विचार करायची आणि मग हलायची. वेग घेताना इंजिन बोंबलायचं, चाकं मात्र निवांत. मी लोकांना सांगितलं, उन्हानं होतंय.

पाचव्या दिवशी पहिली खेप कशीबशी झाली. दुसरी खेप घेऊन निघालो आणि खडीच्या चढावर गाडी अर्ध्यात थांबली. ॲक्सिलेटर तळाला टेकवला. इंजिनचा आवाज नळदुर्गापर्यंत गेला असेल, पण गाडी पुढं जाईना. ब्रेक सोडला की मागं. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर खडी फोडणारी पन्नासेक माणसं होती. ती धावली आणि धक्का मारू लागली. भरल्या टाकीला धक्का म्हणजे डोंगराला धक्का. वीतभर पुढं, हातभर मागं. एका चाकाखाली दगड लावताना एकाचा हात चिरडता चिरडता वाचला.

तेव्हा मी खाली उतरलो आणि टाकीचा नळ सोडला.

खडी फोडणारी माणसं डबे, टोप्या, ओंजळी घेऊन आली. ते पाणी कुणाच्या तरी पोटात गेलं, एवढंच समाधान. उरलेलं खडीत जिरताना मी बघत उभा राहिलो. मैलभरावर आमच्या वाड्यात घागरींची रांग लागलेली होती, हे मला तिथून दिसत नव्हतं, पण दिसतच होतं.

रिकामी गाडी रखडत गावात आली. चेअरमन सोसायटीच्या पायरीवरच उभे होते.

"काय झालं?"

"क्लच प्लेट गेली असणार, साहेब," म्हणालो आणि गाडीखाली शिरलो.

चेअरमनना गाडीतलं काही कळत नव्हतं. ते केबिनमध्ये वाकून बघत राहिले. तासाभरानं त्यांचा आवाज आला, "काय रं, हिला दोनच पेडल हायत. मग क्लच कुठाय?"

मी खालीच पडून राहिलो. वर यायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं नळदुर्गला गेलो आणि उस्तादांना घेऊन आलो. उस्ताद तरुणपणी हैदराबादला कुणा नवाबाच्या मोटारी सांभाळायचे, त्यात असल्या दोन पेडलच्याही होत्या. त्यांनी गाडी चालू केली, पाच मिनिटं नुसती तशीच ठेवली, ब्रेक दाबून दांडी सगळ्या खुणांवरून एकदा फिरवली, आणि इंजिन चालू असतानाच पट्टी ओढली. टोकाला जेमतेम थेंब. तो थेंब बोटावर घेऊन नाकाशी नेला.

"जळल्याचा वास नाही. गिअरच्या आतल्या प्लेटा वाचल्यात." मग माझ्याकडं वळले. "तेल कधी बघितलंस, मियाँ? गाडी बंद करून?"

"तुम्हीच शिकवलं, उस्ताद."

"मी ट्रकचं शिकवलं. ही उलटी आहे. बंद केली की वरचं तेल खाली उतरतं आणि पट्टी खोटं बोलते. चालू केली की खरं." त्यांनी पट्टी पुसली. "किती काढलंस?"

मी दोन बोटं दाखवली. उस्तादांनी कपाळावर हात मारला नाही, शिवीही दिली नाही. नुसतं म्हणाले, "मग आण परत."

असं ते म्हणाले, आणि मी खरंच निघालो. दारोदार फिरून दिलेलं तेल मागणारा वैद्य तुम्ही पाहिला नसेल. शिंप्यानं तळाशी उरलेलं दिलं, त्यात सुताचे धागे. सायकलवाल्यांनी हात झटकले. आत्यानं बाटली आणून दिली, पण त्यात कापूर टाकला होता.

"नुसतं लावून गुण येईना," ती म्हणाली.

उस्तादांनी ते सगळं उन्हात धरलं, हुंगलं आणि जमिनीवर ओतलं. "हे टाकलं तर राहिलेली गाडीपण जाईल. हैदराबादचं तेल येईपर्यंत हात लावू नको." नळदुर्गच्या धाब्यावर हैदराबादकडं जाणारा एक ट्रकवाला गाठून त्यांनी तिथून असल्या तेलाचा डबा आणायचा निरोप दिला. डबा यायला आठ दिवस लागले.

त्या आठ दिवसांत चेअरमननं बैलगाडीवर पिंप बांधून सोय केली. बैलांना दिवसातून एकच खेप जमत होती. ती पहिली खेप होती, म्हणजे गावच्या हौदाची. मी सोसायटीत जाऊन बोललो. चेअरमन म्हणाले, "बैलं किती दमवू?" गाडी बंद पाडणाऱ्यानं बैलांवर काय बोलावं?

मग वाडा नदीच्या कोरड्या पात्रातल्या झिऱ्यावर गेला. वाळूत खड्डा, त्यात वाटीवाटीनं भरणारं पाणी. मीही घागर घेऊन बायकांच्या रांगेत बसायला लागलो. त्यांनी मला सोडलं नाही.

"डायवर, गेर टाका की, रांग सरकंना."

"त्याला आधी चालू करा, मग बघा किती भरलाय त्ये."

हसत होत्या. पण तिसऱ्या दिवसापासून झिरा वाटीलाही पुरेना, तेव्हा हसणंही कमी झालं, आणि ते मला टोमण्यांपेक्षा जड गेलं. आईच्या डोक्यावरची घागर मी घ्यायला गेलो, तर तिनं दिली नाही.

नवव्या दिवशी डबा आला. तेल ओतायला उस्ताद आले तसा सगळा वाडाही आला. तेल ओतून झाल्यावर मी पट्टीला हात लावणार, तर आत्यानं माझं मनगट धरलं.

"गाडी चालू हाय का?"

"चालू हाय, आत्या. आवाज येतोय की."

"न्हाय, इचारलं."

पट्टी तिनंच ओढली, खुणेवर बोट ठेवलं, उस्तादांना दाखवलं आणि मग माझ्या हातात दिली.

त्या दिवशी दोन्ही खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला चढावर गाडीनं विचारसुद्धा केला नाही. वाड्यात रांग लागली होती. कुणी ठरवलं ते कळलं नाही, पण ड्रायव्हरचं घर शेवटी ठेवलं होतं. आई सगळ्या घरांच्या मागं उभी राहिली. गावात आम्ही शेवटी, वाड्यात ती शेवटी.

तिची पाळी आली तेव्हा नळाची धार बोटाएवढी झाली होती. घागर अर्धी भरली आणि टाकी संपली. मी टाकीवर चढून, वाकून, उरलेलं पाणी हातानं नळाकडं ढकलत होतो.

"राहू दे," आई खालून म्हणाली. "तळाचं काढू नको. तुला काढायची लई सवय हाय."

मी टाकीतच वाकलेला राहिलो, ती लांब जाईपर्यंत.