जड हात

रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत खेळ शिकवायला मी एकटीच. उंची माझी जेमतेम पाच फूट. त्यामुळे सहा फूट चार इंचांचा एक मुलगा अकरावीला आमच्याकडे आला, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. मुलं त्याला ‘माड’ म्हणायची. तो नुसता हसायचा. वडील नोकरीला मुंबईत. हा आईबरोबर काकांकडे राहायचा आणि हंगामात त्यांच्यासोबत आंबे काढायला जायचा.

त्याच्यासाठी माझा नियम एकच. बास्केटखाली उभं राहायचं, हात वर ठेवायचे, चेंडू मिळाला की बुटक्या पोरांकडे द्यायचा. एकदा त्याने लांबून टाकून पाहिला, तर सगळ्या मैदानासमोर मी त्याला झापलं, ‘नसती थेरं नकोत.’ जिल्ह्यात आम्ही जिंकत होतो, म्हणजे माझंच बरोबर. आंबे काढायलाही मी बंदी घातली. झेला, म्हणजे टोकाला जाळी आणि पातं लावलेली ती लांब काठी, दिवसभर वर धरून खांदे दुखावतील म्हणून. काका नाराज झाले, पण बाईंचा शब्द मोडला नाही.

बारावीत त्याला राज्याच्या निवड चाचणीसाठी पुण्याला नेलं. निवड झाली असती तर तिथेच राहणं-खाणं, कॉलेज, पुढे नोकरीची आशा. त्याची आई एसटी सुटेपर्यंत स्टँडवर उभी होती.

पुण्यात त्याच्याहून उंच तिघं निघाले आणि ते तिघंही लांबून चेंडू टाकत होते. यालाही टाकायला सांगितलं. दहापैकी एकही गेला नाही. तरी शेवटची एक जागा उरली होती. निवड करणाऱ्या सरांनी मला बाजूला बोलावलं. ‘मॅडम, दोन वर्षं तुम्ही बघताय. शिकवलं तर येईल याला?’

मला खरेपणाची भारी हौस. बाई आपल्याच पोराची वशिलेबाजी करते, असं कुणी म्हणायला नको. मी म्हटलं, ‘उंची देवाने दिलीय सर, पण हात जड आहेत. नाही जमायचं.’ मागे पाण्याच्या पिंपापाशी तो उभा होता, हे मला वळल्यावर दिसलं.

परतीच्या एसटीत तो गुडघे दुमडून बसला होता. घाट उतरल्यावर त्याने विचारलं, ‘बाई, माझे हात खराच जड हायत?’

‘झोप जरा,’ मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आला नाही. मीही निरोप धाडला नाही. उलट माझी दोन वर्षं फुकट घालवली म्हणून त्याचाच राग आला होता. लिहितानाही लाज वाटते.

या मे महिन्यात आंब्याची पेटी आणायला भाट्ये गावाच्या पुढे एका बागेत गेले, तर झाडाखाली तोच. झेला वर गेला, मनगटाचा एक हलका झटका, आणि आंबा देठासकट जाळीत. मी उभ्या उभ्या मोजत राहिले. दहाच्या दहा आले, एकही निसटला नाही. लांबून चेंडू टाकायला इतकी वर्षं मुलांना मी तेच मनगट शिकवत आले आहे. फक्त त्याला कधी शिकवलं नाही.

मला पाहून त्याने झेला खोडाला टेकवला आणि एक रिकामी पेटी पुसून बसायला दिली. ‘एवढ्या उन्हाचं कशाला आलात, बाई?’

मी म्हटलं, ‘तुझे हात जड नव्हते रे. मीच तुझ्या हातात चेंडू राहू दिला नाही.’

तो शेजारच्या पेटीतला पेंढा सारखा करू लागला. मग म्हणाला, ‘तां तिकडे पुण्यात सांगायचं होतंत, बाई.’

आणि आंब्याची पेटी उचलून त्याने माझ्या रिक्षात ठेवली, अगदी अलगद.