बाळारामच्या कागदावरची रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, भावाला नाही, ज्याच्याशी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं त्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडतेय — बघू, कुठवर जमतं ते.

मी आटगावजवळच्या पाड्यातली. नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात टेक्निशियन म्हणून लागले. वाशिंदला एक खोली घेतली, एकटीच राहायचे. हॉस्पिटलात मी पुस्तकी बोलायची. 'नाय' म्हटलं की बाकीच्या मुली हसायच्या, म्हणून.

माझं काम काय होतं, ते आधी सांगते. ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या मनगटावर विजेचे अगदी हलके झटके द्यायचे. अंगठा टुणकन उडतो. तो झटका नसेतून वर चढतो — खांद्यापाशी, मानेपाशी आणि शेवटी मेंदूत. तिन्ही ठिकाणी वायरी लावलेल्या धातूच्या इवल्या वाट्या चिकटवलेल्या असतात, मशीनच्या पडद्यावर त्यांच्या रेघा उमटतात. मेंदूपाशी रेघेला उंचवटा आला तर आशा असते. दोन्ही हातांना झटके देऊनही तिथली रेघ सपाटच राहिली, तर माणूस शुद्धीवर येण्याची आशा जवळजवळ सोडायची. न्यूरोचे डॉक्टर त्या कागदावर फार विसंबायचे. आणि तो कागद मी काढायची.

बाळाराम मुरबाडच्या पलीकडचा. तिशीचा असेल. भेंडीच्या शेतात मोटारीचा शॉक लागला, हृदय थांबलं. मुरबाडच्या डॉक्टरांनी छाती दाबून दाबून ते परत सुरू केलं, पण तो काही जागा झाला नाही, म्हणून आमच्याकडे ठाण्याला आणला. चौथ्या दिवशी मला बोलावलं. तोवर तो स्वतःहून श्वास घेऊ लागला होता.

मी टेपनं डोकं मोजलं, खुणा केल्या, कातडी घासली, वाट्या चिकटवल्या. मग सगळ्या वायरी मशीनच्या डबीतल्या भोकांत खोचल्या. उजवा हात झाला, डावा हात झाला. अंगठे उडत होते. खांद्याची रेघ चांगली, मानेची चांगली. डोक्याची सपाट, दोन्ही बाजूंना.

मी कागद काढला. शिकाऊ डॉक्टर उभेच होते, ते घेऊन गेले.

मग मी सामान आवरायला लागले. वायरी काढताना दिसलं — डोक्याच्या वायरी चुकीच्या भोकांत होत्या. आपली ओळ सोडून शेजारच्या ओळीतल्या. म्हणजे त्याच्या मेंदूतून काही येत होतं की नव्हतं, ते मशीनला कळायचा रस्ताच नव्हता. ती सपाट रेघ बाळारामची नव्हती. माझी होती.

चूक कशी झाली? घाई होती का? नव्हती. थकले होते का? तेही नाही. रोज करते तेच केलं, आणि त्या दिवशी चुकीचं केलं. पण त्या चुकीचं ओझं एक वेळ पेललं असतं. मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

शिकाऊ डॉक्टर जिन्यापर्यंतही पोचले नसतील. मी हाक मारू शकले असते. अर्ध्या तासात सगळं पुन्हा झालं असतं. पण महिन्याभरापूर्वी मी एका कागदावर उजव्याच्या जागी डावा लिहिलं होतं, आणि मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बाई, परत असं दिसलं तर गावाला जाऊन भात लावा." त्या वेळी हसलेली तोंडं मला दिसली. मी वायरी गुंडाळल्या. उद्या सकाळी म्हणेन, एकदा परत काढून बघू या — असं स्वतःला सांगितलं.

सकाळी पोचले तेव्हा डॉक्टरांनी घरच्यांना सांगून टाकलं होतं. श्वास चालू आहे, पण हा जागा होणार नाही. घरी न्यायचा तर न्या.

बाहेर व्हरांड्यात त्याची मोठी बहीण बसली होती, यमुनाअक्का. आईबाप लवकर गेले, बाळारामला तिनंच वाढवलेलं. आदल्या दिवशी तिनं माझ्या बोलण्यातलं काहीतरी बरोबर टिपलं होतं आणि विचारलं होतं, "तू आपल्याकडचीच ना गो?" मी हो म्हटलं होतं. त्या एवढ्या मोठ्या इमारतीत तिला आपलं म्हणावं असं एकच माणूस सापडलं होतं.

तिनं माझा हात धरला. "डॉक्टर बोलतात ते मला काय समजत नाय. मशीन तर तूच लावलीस ना? तू सांग. नेऊ का घरी?"

इथंही वेळ होती. थांबा अक्का, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"न्या घरी," मी म्हटलं.

"हाताला हात लावला का बोट हलवतो गो."

"ते आपोआप होतं, अक्का. त्याला काही कळत नाही."

तिनं मान डोलवली. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मलाच धीर द्यावा तसा. दुपारी त्याला घेऊन गेले.

तीन महिन्यांनी मी त्या गावात गेले. शहापूरहून मुरबाड, तिथून जीप. का गेले? वाईट वाटलं म्हणून गेले असं लोकांना सांगता आलं असतं. खरं सांगू? तो लगेच गेला, शुद्धीवर न येता तसाच गेला, एवढं मला ऐकायचं होतं.

अक्कानं ओळखलं. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. मी जेवत होते आणि ती सांगत होती. बाळाराम नऊ दिवस होता. "पाचव्या दिवसापासनं माझी बोटां घट्ट धरायचा. सोडवून घेतली तर परत शोधायचा. त्याची बायको बोलली, यांना समजतंय, परत दवाखान्यात नेऊ. मी बोलले, नाय गो, त्या पोरीनं सांगितलंय, ते आपोआप असतं." मग ताप आला, छाती घरघरायला लागली. डॉक्टरला बोलावलं नाही. कशाला त्याचे आणखी हाल, म्हणून.

मी भाकरी संपवली. ताटात हात धुतला. आणि परतीची जीप धरली.

कुणी म्हणेल, वायरी बरोबर असत्या तरी रेघ सपाटच आली असती. येऊ शकली असती. वर्षानुवर्षं मी हे वाक्य धरून बसले. पण बोटं शोधणारा माणूस — त्याला मी नऊ दिवस मेलेला ठरवून ठेवलं, हे त्या वाक्यानं पुसलं जात नाही.

पुढं माझं नाव झालं. नव्या मुलींना माझ्याकडे शिकायला पाठवायचे. बाईंच्या कागदात चूक सापडायची नाही, असं तेच मोठे डॉक्टर म्हणायचे, आणि मी ते ऐकून घ्यायचे. वाशिंदच्याच एका कंपनीत काम करणाऱ्या माणसाशी लग्नाचं बोलणं झालं. चांगला होता. एकदा म्हणाला, तुझ्या मनात काय असतं ते कधी कळत नाही. सांगायचं तर हे सांगावं लागलं असतं. मी नकार कळवला. त्यानंतर कुणाला एवढं जवळ येऊच दिलं नाही. खोली तीच आहे. रविवारी दार वाजत नाही.

यमुनाअक्का अजून आहे. आता डोळ्यांनी कमी दिसतं म्हणे, पण हिंडती फिरती आहे. तिच्या गावचा माणूस कधी भेटला की सांगतो — अक्का तुमची आठवण काढते, त्या पोरीनं आम्हाला खरं ते सांगितलं, म्हणते.

मी त्यालाही काही सांगत नाही. बरी आहे म्हणून कळवा, म्हणते.