बिबट्याला दिलेला माणूस

"ओ सर, थांबा! तुमचा माणूस बिबट्याच्या तोंडात चाललाय!"

शेवटच्या बाकावरून सायली पेडणेकर ओरडत होती आणि मी फळ्यापाशी खडू धरून उभा. चारकोपच्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो तेव्हा. पोरं हसून हसून बाकाखाली गेली. मग मी काय केलं, हे परवापर्यंत कुणाला — बायकोलासुद्धा — सांगितलं नव्हतं.

तेव्हा माझा आवाज असा होता, की मी चारकोपात 'सदिश' म्हटलं की जोगेश्वरीच्या लेण्यांत घुमायचं. (वाढवून सांगतोय. सवय आहे.) आणि माझी एक घोषणा होती — "कॉस पूर्वेचा, साइन उत्तरेचा!" अख्खी बॅच आरतीसारखी म्हणायची. कोन कुठून मोजलाय ते बघायचं असतं, हे त्या आरतीत पार बुडालं. पोरांचं सोडा — माझंही.

त्या दिवशीचं गणित मीच रचलेलं. एक माणूस मावशीकडे दहिसरला निघालाय. चारकोपहून एक किलोमीटर सरळ पूर्वेला, मग चार किलोमीटर ईशान्येकडे तिरपा — उत्तरेपासून तीस अंशांवर. मी आरती म्हणत कॉस पूर्वेला दिला. माणूस साडेचार किलोमीटर पूर्वेला, उत्तरेला जेमतेम दोन. म्हणजे कुठे? थेट नॅशनल पार्कात.

"सर, कोन उत्तरेला चिकटलाय ना? मग कॉस उत्तरेचा," सायली उभी राहून सांगायला लागली. "तिरप्या वाटेचे दोन वाटे करायचे. पूर्वेचे दोन, ते आधीच्या एकात मिळवायचे — तीन. उत्तरेचे साडेतीनला थोडे कमी, ते वेगळे ठेवायचे. एकमेकांच्या ताटात हात नाही घालायचा. बघा, पोचला मावशीकडे!"

काय सांगितलं होतं हो पोरीने! इतकी वर्षं शिकवून मला ते 'ताट' सुचलं नव्हतं. आज मी जिथे जिथे सदिशाचे घटक शिकवतो तिथे तिचंच ताट वाढतो — आणि पोरांना पटापट कळतं.

पण त्या दिवशी? हुशार पोरांच्या स्पेशल बॅचमध्ये एकच जागा उरली होती. नाव मी द्यायचं होतं, आणि सायलीला ती जागा किती हवी होती हे वर्गातला पंखासुद्धा जाणत होता. एवढ्यात दारात क्लासचे मालक येऊन उभे. "काय गडबड आहे?"

मी फळ्याकडे वळलो — आणि इथेच, बघा, इथेच — वळता वळता 'उत्तरेपासून' पुसलं आणि 'पूर्वेपासून' लिहिलं. झालं! आता माझं उत्तर बरोबर. माणूस खरंच बिबट्याकडे. मावशी बसली वाट बघत.

"पेडणेकर, नीट वाच. डोळे तपासून घे जरा," मी म्हटलं. वर्ग पुन्हा हसला, या वेळी तिला. तिने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि बसली.

मालकांनी संध्याकाळी विचारलं, "जागा त्या पेडणेकरला देऊया?" मी म्हणालो, "हुशार आहे, पण वाचण्यात घाई करते." जागा दुसऱ्याला गेली. तिच्या आईने तिला खरोखर चष्म्याच्या दुकानात नेलं. नंबर निघाला नाही.

सायली आता पुलांचे आराखडे करते. स्पेशल बॅचशिवाय तिथवर गेली — म्हणून माझं पाप कमी होतं असं नाही. मी माणूस बिबट्याला दिला, पण चूक कबूल केली नाही. दुसरं नाव नाही त्याला.

परवा चारकोपच्या मासळी बाजारात समोर आली. हातात बांगड्यांची पिशवी, तेच मोठ्याने "सर!" मी — ज्याची तोफ कधी थंडावली नाही तो — अडखळत, अर्धी वाक्यं गिळत, सगळं सांगून टाकलं. पुसलेला शब्द. मालक. चष्म्याचं दुकान.

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"दिसलं होतं, सर. डस्टर डाव्या हातात होतं."