खाज खरी होती

"ये आता," एवढंच मामी फोनवर म्हणाली. मी कोथरूडमध्ये एका सभेसाठी खुर्च्या मांडत होते. हातातली खुर्ची ठेवली आणि हडपसरची बस पकडली. मामा गेले होते. आज सहा आठवडे होतील.

बबनमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, इमारतींमध्ये ग्लासवूल बसवायचे. खराडीच्या आयटी पार्कमधली हवा थंड राहावी म्हणून छताच्या आत, हवेच्या पत्र्याच्या नळांवर काचेच्या बारीक तंतूंची पिवळी गादी गुंडाळतात, ते काम. ती कापताना तंतू उडतात. मनगटं लाल होतात, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. मामा तोंडाला रुमाल बांधायचे, कारण दुसरं काही मिळत नसे. घरी आले की दारातूनच "जय भीम" म्हणत, कुणाला जवळ घेत नसत. आधी गार पाणी अंगावर घ्यायचं, साबण नंतर, हा त्यांचा नियम. कामाचे कपडे मोरीबाहेरच्या निळ्या बादलीत. त्या बादलीत घरातला दुसरा कपडा कधी पडला नाही. लहानपणी मला वाटे, मामांना आपला विटाळ होतो... आणि ते मात्र आम्हाला त्या काचेपासून वाचवत होते.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. माझे वडील कामगार संघटनेची पत्रकं छापत. अक्षरओळख मला त्यांवरच झाली. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी मामांच्या टोळीनं ठेकेदाराकडे मास्क, चष्मे, हातमोजे आणि अंघोळीची सोय मागायचं ठरवलं, तेव्हा पत्रक मीच लिहिलं. मामांनी कच्चा मसुदा वाचला. "ग्लासवूल म्हणजे ॲस्बेस्टॉसच, त्यानं कॅन्सर होतो" या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली.

"हे कशावरून?"

"मामा, माणसं घाबरल्याशिवाय उठत नाहीत."

"घाबरून उठलेला माणूस पळतो गं. मागणी कोण करणार?"

मी हसले. ओळ न बदलता पत्रक छापलं, त्यांना न दाखवता.

बैठकीत ठेकेदाराच्या माणसानं ते टेबलावर ठेवलं आणि शेजारी मालाचं माहितीपत्रक. "हे ॲस्बेस्टॉस नाही. यानं कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. तुमची पहिलीच ओळ खोटी, मग खालचं आम्ही कशाला वाचायचं?" त्याच्याच माहितीपत्रकात मास्क आणि चष्मा वापरा असं छापलेलं होतं. मामांनी त्यावर बोट ठेवलं, पण तोवर तो उठला होता. रुमाल होता तो रुमालच राहिला.  बसस्टॉपवर मामा म्हणाले, "खाज खरी होती गं. तीच लिहायची होतीस."

त्यांनी रागवायला हवं होतं.

मग मामांना दम लागू लागला. आधी जिन्यावर, नंतर पलंगावर बसल्या बसल्या. फुप्फुसं आखडत चालली आहेत, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी आजवरची सगळी कामं विचारली. मामांनी आठवून आठवून सांगितलं. विशीत एका जुन्या कारखान्यात बॉयलरच्या नळांवरचा पांढरा, कोरडा थर ते हातानं खरवडून काढत. त्यात काय होतं, कुणी सांगितलं नाही. तो कारखाना पाडला, तिथे आता फ्लॅट आहेत. "त्यात ॲस्बेस्टॉस असू शकेल," डॉक्टर म्हणाले, "पण आता खात्रीनं सांगता येणार नाही."

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या सभेच्या फलकावर मला लिहायचं होतं, 'कामानं घेतलेला बळी'. मामी म्हणाली, "ह्यांनी काय विचारलं असतं, तुला ठाऊक आहे." ठाऊक होतं: "हे कशावरून?" फलकावर फक्त नाव आलं. मला अजून राग येतो. ज्यांनी मामांना ते कशात हात घालतायत हे कधी सांगितलं नाही, त्यांच्यामुळे आज मामांच्या मरणाचं कारणसुद्धा आमच्याकडे नाही. एवढं मात्र मी खात्रीनं लिहू शकते.

मागच्या आठवड्यात खराडीला गेले, मामांच्या त्याच टोळीबरोबर दिवसभर छताखाली, गादी कापतात तिथेच बसले आणि नवं पत्रक लिहिलं. खाज, डोळे, घसा, आणि चार मागण्या. संध्याकाळी ते मामीला दाखवलं.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच माहीत आहे."

तिनं पुन्हा एकदा वाचलं. मी मनगट खाजवत होते, ते तिला दिसलं. पत्रक घडी करून तिनं मामांच्या चष्म्याखाली ठेवलं, बाहेर गेली आणि निळी बादली पायानं माझ्याकडे सरकवली.

"आधी गार पाणी घे," ती म्हणाली. "आणि ओढणी यात टाक. बाकीच्या कपड्यांत नको."